तरवड: ओळख, लागवड आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर, तोही आला तर. मे महिन्यात गवत वाळून मातीच्या रंगाचे होते, बोरी-बाभळी धुळीने माखतात, तेव्हासुद्धा बांधावर एक झुडूप हिरवे असते आणि त्याच्या शेंड्याला दोन-चार पिवळी फुले असतात. ते म्हणजे तरवड. गेली बरीच वर्षे मी त्याचे बी गोळा करते, रोपे करते आणि मागेल त्याला देते. रोप देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत.

तरवड म्हणजे नेमके कोणते झुडूप?

माणसाच्या कमरेपासून डोक्याएवढे वाढणारे, बुंध्यापासूनच फांद्या फुटणारे, बारा महिने हिरवे राहणारे आपल्या मातीतले झुडूप. चांगली जमीन मिळाली तर आठ-दहा फुटांपर्यंतही जाते, पण माळावर सहसा चार-पाच फुटांवर थांबते. साल तांबूस-तपकिरी, पाने चिंचेसारखी जोडीजोडीने, फुले गर्द पिवळी, शेंगा चपट्या आणि कागदासारख्या पातळ. दख्खनच्या पठारावर, म्हणजे पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, नगर, सोलापूर, सांगलीकडचे जत-आटपाडी, साताऱ्याचे माण-खटाव, बीड, धाराशिव, इथे रस्त्याकडेला, ओढ्याकाठी आणि पडीक रानात ते सर्रास दिसते. पुढे कर्नाटक, तेलंगणा, आंध्र, तमिळनाडू आणि श्रीलंकेपर्यंत त्याचे घर आहे. उत्तरेला गुजरात-राजस्थानातही ते वाढते. गुजराती लोक त्याला आवळ म्हणतात. आपल्या आवळ्याशी त्याचा काही संबंध नाही.

पुस्तकांत याची दोन शास्त्रीय नावे का दिसतात?

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली याला कॅशिया ऑरिक्युलाटा हे नाव दिले. नंतर रॉक्सबर्ग या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते सेना या प्रजातीत, म्हणजे जवळच्या झाडांच्या गटात, नेले. पण बहुतेक जुन्या पुस्तकांत कॅशिया हेच नाव चालू राहिले. १९८२ साली अर्विन आणि बार्नबी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी कॅशियाचा मोठा पसारा तीन प्रजातींत वाटला, तेव्हापासून सेना ऑरिक्युलाटा हे नाव रूढ झाले. बहावा मात्र कॅशियातच राहिला. तेव्हा दोन्ही नावे एकाच झुडपाची. 'ऑरिक्युलाटा' म्हणजे 'कान असलेली' हे मात्र लक्षात ठेवा, कारण ओळखीची सगळी किल्ली त्या कानातच आहे.

रानात तरवड खात्रीने कसे ओळखायचे?

पिवळ्या फुलांवर विसंबू नका. याच्या कुळातल्या निदान दहा झाडांना अशीच फुले येतात. मी रोप मागणाऱ्याला आधी बांधावर नेते आणि फूल न पाहता पान हातात घ्यायला सांगते.

पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो, तिथे बघा. देठाच्या दोन्ही बाजूंना गोलसर, हिरवी, पानासारखीच दिसणारी छोटी उपपर्णे असतात. त्यांचा आकार माणसाच्या कानाच्या पाळीसारखा आणि एका बाजूला दोऱ्यासारखे बारीक टोक. हे ते कान. आपल्या रानातल्या त्याच्या दुसऱ्या कोणत्याही भावंडाला इतकी ठळक, पसरट उपपर्णे नसतात आणि जूनमध्ये फुले नसतानाही ती दिसतात.

दुसरी खूण मधल्या दांडीवर. तरवडाच्या पानात पर्णिकांच्या, म्हणजे दांडीवरच्या छोट्या पानांच्या, आठ ते बारा जोड्या असतात. प्रत्येक पर्णिका नखापेक्षा थोडी मोठी, टोकाला बोथट पण मध्ये केसासारखे बारीक टोक असलेली. पान उन्हासमोर तिरके धरा. प्रत्येक जोडीच्या मध्ये दांडीवर एक उभी, बारीक काडीसारखी ग्रंथी दिसेल. सगळ्या जोड्यांमध्ये ती असते, आणि 'सगळ्या' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. भावंडांमध्ये ती एकतर नसते, नाहीतर खालच्या दोन-तीन जोड्यांपुरती किंवा देठाच्या बुडाशीच असते.

तिसरी खूण शेंग. बोटाएवढी लांब, अर्ध्या इंचाहून थोडी रुंद, अगदी चपटी आणि पातळ. दोन बियांच्या मध्ये ती दबलेली असते, त्यामुळे वाळल्यावर बाहेरूनच बिया मोजता येतात. दहा ते वीस भरतात. वारा आला की वाळक्या शेंगांची सळसळ ऐकू येते.

या तीन खुणा जुळल्या की फूल नसले तरी चालेल.

तरवड आणि तरोटा एकच ना?

नाही, आणि नावाच्या सारखेपणामुळे हा घोळ सगळ्यात जास्त होतो. मराठवाडा-विदर्भात ज्याला तरोटा म्हणतात तो म्हणजे टाकळा. पावसाळ्यात उकिरड्यावर, रस्त्याकडेला दाट उगवणारी गुडघाभर उंचीची वर्षायू वनस्पती, जिच्या कोवळ्या पाल्याची आपण भाजी करतो. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या तीनच जोड्या, शेंग बारीक, लांब, वाकडी. दिवाळीनंतर तो वाळून जातो. तरवड हे वर्षानुवर्षे जगणारे लाकडी झुडूप आहे. टाकळ्यासारखी त्याच्या पाल्याची भाजी करत नाहीत.

कासविंदा कसा वेगळा काढायचा?

हा फरक नीट शिकून घ्या, कारण इथे चूक महागात पडते. कासविंद्याच्या पर्णिका मोठ्या, टोकदार, चार ते सहा जोड्या. पान चुरगाळले की उग्र, नकोसा वास येतो. ग्रंथी एकच आणि ती देठाच्या अगदी बुडाशी, जोड्यांच्या मध्ये नाही. शेंग तरवडापेक्षा अरुंद आणि किंचित फुगीर, कडा फिकट.

पश्चिम उत्तर प्रदेशात दर वर्षी ठरावीक काळात लहान मुले अचानक गंभीर आजारी पडून दगावत. यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर परिणाम होई. बरीच वर्षे हा विषाणूचा ताप समजला गेला. अखेर तिथल्या डॉक्टरांनी २००७ च्या सुमारास शोध घेतला, तेव्हा कारण निघाले खेळता खेळता खाल्लेल्या कासविंद्याच्या बिया. म्हणून 'पिवळ्या फुलांचे ते झाड' एवढ्या ओळखीवर कोणीही काहीही तोंडात घालू नये, आणि मुलांच्या हाती शेंगा देऊ नयेत.

रोपवाटिकेत 'कॅशिया' म्हणून मिळते ते तरवड असते का?

बहुतेक वेळा नाही. माझीच गोष्ट सांगते. शहरातल्या घराच्या कुंपणासाठी एका रोपवाटिकेतून मी तरवडाची म्हणून वीस रोपे आणली. तेव्हा उपपर्णे बघायची सवय नव्हती. दोन वर्षांत ती डोक्याच्या वर गेली, फुलेही भरपूर आली, पण उन्हाळ्यात पाणी चुकले की माना टाकायची. शेवटी पाने नीट पाहिली, तर उपपर्णे अगदी बारीक, दोऱ्यासारखी, ग्रंथी फक्त खालच्या दोन-तीन जोड्यांत, आणि फुलातले दहाही पुंकेसर सारखे. ते होते बागेत लावतात ते सेना सुरत्तेन्सिस. दिसायला सुंदर झाड आहे, त्याचा दोष नाही. पण मला हवे होते ते ते नव्हते, आणि वीस खड्ड्यांची दोन वर्षे गेली. त्या दिवसापासून मी स्वतः बी गोळा करू लागले.

रोप विकत घेताना देठाजवळचे कान बघा. कान नसतील तर पैसे देऊ नका.

सोनामुखी, कासोद, बहावा यांच्याशी गल्लत होते का?

सोनामुखीशी होते, कारण तिला काही भागांत भुईतरवड म्हणतात. तिच्या पानाच्या दांडीवर ग्रंथीच नसतात, आणि पोट साफ करण्याच्या औषधात पडते ती सोनामुखी, तरवड नव्हे. कासोद आणि बहावा हे वृक्ष आहेत. बहाव्याचे घोस खाली लोंबतात. तरवडाची फुले फांदीच्या टोकाला वर तोंड करून येतात. गुलाबी फुलांचा, दांड्यासारख्या लांब गोल शेंगांचा कॅशिया रस्त्याकडेला दिसला तर तोही वेगळा वृक्ष समजा.

आणखी एका झाडाबद्दल सावध करते. सेना स्पेक्टाबिलिस हे उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेले पिवळ्या फुलांचे झाड वायनाड आणि मुदुमलईच्या जंगलांत इतके पसरले आहे, की ते काढताना वनखात्याची दमछाक होते आहे. कोणी हौसेने बी दिले तरी घेऊ नका.

फुले केव्हा येतात? फुलावर भुंगा एवढा आवाज का करतो?

थोडी फुले जवळजवळ बारा महिने असतात. खरा बहर पावसाच्या अखेरीस सुरू होतो आणि भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत झुडूप पिवळेधमक होते.

आता भुंग्याचे. सकाळी आठ-नऊच्या सुमारास फुललेल्या तरवडापाशी दहा मिनिटे उभे राहा. मोठा काळा भुंगा येतो, फुलाला खालून मिठी मारतो, पंख मिटतो आणि तरीही घूं-घूं असा तार स्वरातला आवाज येतो. तो उडण्याचा आवाज नाही. तरवडाच्या फुलात मधच नसतो, असतात फक्त पराग. आणि ते पराग परागकोशात कोंडलेले असतात, बाहेर यायला टोकाशी एक बारीक भोक तेवढे. भुंगा छातीचे स्नायू थरथरवून सगळे फूल हलवतो, तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ पडावे तसे पराग भोकातून उडतात. काही त्याच्या पोटाला लागतात, ते पुढच्या फुलाच्या कामी येतात.

फुलात दहा पुंकेसर असतात. वरचे तीन वांझ, मधले आखूड आणि खालचे लांब, वाकलेले. ही विभागणी एकदा दिसली की फूल पुन्हा पूर्वीसारखे नुसते 'पिवळे' दिसत नाही. साधी मधमाशी हे कंपन करू शकत नाही, ती सांडलेले वेचते. म्हणून तरवडाला शेंगा हव्या असतील तर भुंग्याला घर हवे. भुंगे वाळक्या लाकडात भोक पाडून राहतात. बांधावरचा जुना वठलेला ओंडका जाळू नका, तेवढे केले तरी पुरे.

कोकणात किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात येईल का?

जगेल, रमणार नाही. साडेचारशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस आणि मध्ये लांब कोरडा काळ ही याची आवड. दोन-तीन हजार मिलिमीटरच्या प्रदेशात लावायचेच असेल तर उतारावर, पाणी क्षणभरही थांबणार नाही अशा ठिकाणी आणि भर उन्हात लावा. पण मला विचाराल तर सांगेन, कोकणात धायटी, कुडा, मुरडशेंग अशी तिथलीच झुडपे आहेत, ती लावा. जे झुडूप जिथले, ते तिथे कमी मागते.

माती कशी हवी?

मुरमाड, बरड, चुनखडीची, दगडगोट्यांची, सगळी चालते. काळ्या रानातही येते, पण पावसाळ्यात पाणी साचून चिखल राहत असेल तर मूळ कुजते. तिथे वाफा फूटभर उंच करून लावा. सावली मात्र अजिबात सहन होत नाही. आंब्याखाली लावलेले तरवड उंच, किडकिडीत होते आणि फुलत नाही.

बियांपासून रोप कसे करायचे?

बी टणक सालीचे असते. तसेच पेरले तर काही लगेच उगवते, काही पुढच्या पावसाळ्यात आणि काही त्याच्याही पुढच्या. रानासाठी ही हुशारी आहे, कारण एखादा पाऊस दगा देऊन गेला तरी सगळी रोपे एकदम मरत नाहीत. आपल्याला मात्र एकदम हवी असतात, म्हणून ही साल मऊ करावी लागते.

पाणी उकळून चुलीवरून उतरवा. चार-पाच मिनिटे थांबा. मग बी त्यात टाका आणि रात्रभर तसेच राहू द्या. उकळत्या पाण्यात बी शिजवू नका, एकदा मी घाईत तसे केले आणि पाव किलो बी वाया घालवले. सकाळी काही बिया फुगून दुप्पट झालेल्या दिसतील, त्या लगेच पेरा. न फुगलेल्या बियांची कड पॉलिशपेपरवर दोन-चार वेळा घासा, आतला फिकट रंग दिसला की थांबा, आणि पुन्हा एक रात्र साध्या पाण्यात भिजवा.

पिशवी लांब घ्या, रुंद नको. तरवडाचे सोटमूळ पहिल्या दोन महिन्यांतच वीतभर खाली जाते, आणि आखूड पिशवीत ते तळाशी गोल फिरते. असे वेटोळे झालेले रोप वर हिरवेगार दिसते, पण जमिनीत लावल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात जाते. दोन भाग माती, एक भाग वाळू किंवा बारीक मुरूम, मूठभर शेणखत. एका पिशवीत दोन बिया, अर्ध्या इंचापेक्षा खोल नको. आठवडा ते दोन आठवड्यांत उगवते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरले तर जूनच्या पावसाला रोप वीतभर झालेले असते.

माझ्या मते त्याहून चांगली पद्धत म्हणजे बी थेट जागेवर टोकणे. पहिला चांगला पाऊस पडून ओल धरली, की बांधावर हातभर अंतराने तीन-तीन बिया टोका. उगवलेल्यांतले दणकट ठेवा, बाकीचे काढा. असे जागेवर वाढलेले झुडूप पिशवीतल्या रोपाला तीन वर्षांत मागे टाकते, कारण त्याचे मूळ कधी अडलेले नसते.

फांदी लावून येते का?

भरवसा नाही. जून झालेल्या फांद्या लावून मला शंभरात पाच-सातसुद्धा धरल्या नाहीत. बी फुकट मिळते, मग फांदीच्या मागे कशाला लागायचे?

रानातले लहान रोप उपटून आणले तर?

कृपा करून आणू नका. वर वीतभर दिसणाऱ्या रोपाचे मूळ खाली दोन-तीन वीत गेलेले असते. उपटताना ते तुटते आणि रोप मरते. रानातलेही गेले आणि तुमचेही आले नाही.

पाणी किती द्यायचे?

जूनमध्ये लावले तर पावसाळाभर काही नाही, मोठा खंड पडला तर एखादे. पहिल्या हिवाळ्यात महिन्यातून दोनदा, पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एक बादली, आणि बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा. तिसऱ्या वर्षापासून पाणी बंद. मनापासून बंद, सवय म्हणून थोडे थोडे नको. ठिबकवर ठेवलेल्या तरवडाला पानेच पाने येतात, फांद्या लुसलुशीत होऊन वाऱ्याला मोडतात आणि फुले कमी येतात.

उन्हाळ्यात खालची पाने झडली तर घाबरू नका. ते पाणी वाचवते आहे.

खत? शेंगवर्गीय आहे म्हणजे नत्र स्थिर करत असेल ना?

शेंग येते म्हणून तूर-हरभऱ्यासारख्या मुळांवर हवेतला नत्र धरणाऱ्या गाठी असतील असे वाटते, पण सेना प्रजातीच्या मुळांवर त्या गाठी होत नाहीत. त्यामुळे 'जमिनीला नत्र देते' असे सांगून कोणी रोपे विकत असेल तर ते खरे नाही. त्याचा पाला मात्र हिरवळीचे खत म्हणून शेतात घालण्याची जुनी रीत आहे, आणि बांधावर दाट लावले तर मुळे माती धरून ठेवतात. तरवडाला स्वतःला लावतानाचे शेणखत सोडले तर काहीही नको.

गच्चीवर कुंडीत लावता येईल का?

येईल. कुंडी निदान दीड फूट खोल हवी, तळाची भोके मोकळी हवीत. उंची तीन फुटांपर्यंतच ठेवा. कुंडीत मूळ अडते, म्हणून जमिनीतल्यापेक्षा पाणी थोडे जास्त लागेल, तरी दोन पाण्यांच्या मध्ये माती पूर्ण वाळू द्या. पुण्यात पाचव्या मजल्यावरच्या गच्चीत दिलेले एक रोप दर दसऱ्याला फुलते आहे आणि तिथेही भुंगा पोचला आहे.

शेळ्या-गुरे खातात का? कुंपणाला चालेल का?

शेळीसुद्धा शक्यतो तोंड लावत नाही, म्हणूनच चराईने उघड्या पडलेल्या माळावर तरवड उरते. कुंपणाला दोन-दोन फुटांवर लावा. मात्र काटे नाहीत, त्यामुळे हे कुंपण गुराला अडवणार नाही, नुसती आडोशाची हिरवी भिंत होईल. जनावर अडवायचे असेल तर एकाआड एक करवंद किंवा सागरगोटा लावा.

छाटणी केव्हा करायची?

शेंगा वाळून बी गोळा झाले, की माघ-फाल्गुनात. एक तृतीयांश उंची काढा. म्हातारे, बुडाशी उघडे पडलेले झुडूप असेल तर जमिनीपासून वीतभर ठेवून सगळे कापा, पावसाला नव्या फांद्यांचा झुपका फुटेल. सालीसाठी पूर्वी ते असेच पुन्हा पुन्हा कापत. श्रावणात छाटू नका, त्या वर्षीचा बहर जाईल. काढलेल्या बोटभर जाडीच्या काड्या दातवणाला चांगल्या.

पाने अळ्यांनी फस्त केली. काय फवारू?

काहीही नाही. त्या अळ्या बहुतेक कॉमन एमिग्रंट, मॉटल्ड एमिग्रंट या फिकट पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या किंवा लहान पिवळ्या ग्रास यलोच्या असतात. तरवड आणि त्याची भावंडे हेच त्यांचे अन्न. हिरवी अळी दांडीला समांतर पडून असते, पटकन दिसतही नाही. झुडूप तीन-चार आठवड्यांत पुन्हा पालवते, आणि दरम्यान चिमण्या, सातभाई, वटवटे येऊन आपला वाटा उचलतात. मला तर अळ्या नसलेल्या तरवडाचीच काळजी वाटते.

फवारणीचा विचार करायचाच झाला तर रोप पिशवीत असताना आणि मावा शेंड्याला दाट बसला असेल तेव्हा. तेव्हाही निंबोळी अर्क पुरतो.

पाने पिवळी पडून झुडूप अचानक वाळले, का?

बहुतेक वेळा पाणी जास्त झाले. बुंध्याजवळ उकरून मूळ बघा. काळे, मऊ असेल तर ते वाचत नाही, पण तिथेच दुसरे लावण्याआधी पाण्याला वाट करून द्या.

पूर्वी तरवडाची साल कातड्यासाठी वापरायचे, हे खरे का?

खरे, आणि छोट्या प्रमाणावर नाही. सालीत टॅनिन, म्हणजे कातडे कमावणारे तुरट द्रव्य, भरपूर, अठरा टक्क्यांच्या आसपास. तिने कमावलेले कातडे फिकट रंगाचे, मऊ आणि लवचीक होते. एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यातून अशी अर्धवट कमावलेली कातडी विलायतेला जात, तिथल्या बाजारात त्यांना 'ईस्ट इंडिया' कातडी म्हणत, आणि त्यामागची मुख्य साल तरवडाची होती. विसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतून वॅटल बाभळीची साल येऊ लागली, क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची पद्धत रुळली, आणि तरवडाचा धंदा बसला. कोल्हापुरी चपलेच्या कातड्यासाठी मात्र आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा चालतो.

हे सगळे मी यासाठी सांगते, की तरवडाला 'रानटी कचरा' म्हणणे ही अलीकडची सवय आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत त्याची मोळी विकली जाई.

तरवडाच्या फुलांचा चहा मधुमेहावर चालतो का?

आयुर्वेदात याला आवर्तकी म्हणतात आणि प्रमेहावरच्या, म्हणजे मधुमेहासारख्या विकारांवरच्या, औषधांत त्याचा वापर आहे. तमिळनाडूत वाळवलेली फुले आवारम्पू नावाने बाजारात मिळतात, श्रीलंकेत रणवरा नावाने त्यांचा काढा घरोघरी पितात. साखरेवर परिणाम दिसल्याचे प्रयोग प्राण्यांवर झाले आहेत.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. श्रीलंकेतल्याच संशोधकांना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या झाडात यकृताला अपाय करू शकणारी अल्कलॉइड्स ही रसायने आढळली. फिट्सवरच्या कार्बामाझेपाइन या गोळीचे रक्तातले प्रमाण तरवडाच्या चहाने वाढते, असे उंदरांवरच्या प्रयोगात दिसले. म्हणून रोजचा चहा म्हणून मी कोणालाही सुचवत नाही. गरोदर बाई, लहान मूल, यकृताचा किंवा फिट्सचा रुग्ण यांनी नकोच. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि चालू गोळी बंद करून तर मुळीच नको. माझ्याकडे रोप मागायला आलेल्या एका काकांनी तसे केले होते. साखर चारशेवर गेल्यावर त्यांना दवाखान्यात न्यावे लागले.

पूजेत तरवड कुठे वापरतात?

आमच्याकडे नवरात्रात घटावर सोडायच्या माळेत तरवडाची फुले असतात. पहाटे मुली परडी घेऊन बांधावर जायच्या. झेंडू विकत आणावा लागे, तरवड देवीने स्वतः लावलेले, असे आजी म्हणायची.

तेलंगणात तर हा मान फार मोठा. तिथे याला तंगेडू म्हणतात आणि ते राज्यपुष्प आहे, २०१४ साली राज्य झाले त्याच वर्षी जाहीर झालेले. सर्वपित्री अमावास्येपासून नऊ दिवस चालणाऱ्या बतुकम्मा सणात बायका तंगेडू, कुरडूसारखी रानफुले थरावर थर रचून फुलांचा मनोरा करतात, त्याभोवती फेर धरून गातात आणि शेवटी तो पाण्यात सोडतात. हे बघायला हैदराबादला जायची गरज नाही. सोलापुरात विणकर पद्मशाली समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो, तिथे नवरात्रात बतुकम्मा खेळताना बघता येते. एकच फूल, एकाच पंधरवड्यात, सीमेच्या अलीकडे घटावर आणि पलीकडे मनोऱ्यात.

फुले तोडताना एक करा. शेंड्याची सगळी ओरबाडू नका, प्रत्येक झुडपावर निम्मी ठेवा. भुंग्याला पराग आणि तुम्हाला पुढच्या वर्षी बी, दोन्ही त्यातूनच येणार.

आमच्या गावाला मोठे माळरान आहे. तिथे हजारभर तरवडे लावावीत का?

नको. हे उत्तर ऐकून लोक चकित होतात, पण मला ते अगदी ठाम द्यायचे आहे. माळरान म्हणजे झाडे नसलेली रिकामी जागा नव्हे. कुसळी, पवन्या, मारवेल यांसारख्या गवतांचे ते घर आहे. धाविक, चंडोल, खोकड, लांडगा, काळवीट यांना मोकळे, दूरवर दिसणारे रान लागते. तिथे ओळीने खड्डे खणून काहीही लावले, मग ते परदेशी गिरिपुष्प असो की देशी तरवड, गवत आणि त्यावर जगणारे प्राणी हटतात. माळावर जी तरवडे आपोआप विखरून आली आहेत, तेवढी त्या माळाला पुरेशी आहेत.

लावायचेच असेल तर जिथे माती आधीच उकरली गेली आहे तिथे लावा. शेताचा बांध, ताली, रस्त्याची कड, पाझर तलावाचा भराव, शाळेचे कुंपण, सोसायटीच्या आवारातली ती पट्टी जिथे दर वर्षी हंगामी फुले आणून मारली जातात. आणि घाणेरी काढून जागा मोकळी केली असेल तर तिथे लगेच तरवडाचे बी टोका, नाहीतर दोन पावसांत घाणेरीच परत येईल.

बी कधी आणि कसे गोळा करायचे?

पौष ते फाल्गुन. शेंग हिरवी किंवा पिवळट असेल तर थांबा. तपकिरी होऊन हलवल्यावर आत बी खुळखुळायला लागले, की तोडा. एकाच झुडपाचे सगळे घेऊ नका, निदान दहा-पंधरा झुडपांचे मिसळा, म्हणजे रोपांत विविधता राहते. शेंगेवर टाचणीने टोचल्यासारखे गोल भोक दिसले तर आतले बी भुंगेऱ्याने खाल्लेले असते, ती शेंग तिथेच टाका.

घरी दोन दिवस उन्हात वाळवा, सुपात चोळून पाखडा. चपटे, तपकिरी बी निघेल. पाण्यात टाकून तरंगणारे काढून टाका आणि उरलेले पुन्हा नीट सुकवा. कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यासोबत कापडी पिशवीत ठेवले तर तीन-चार वर्षे उगवते. पिशवीवर गाव आणि महिना लिहून ठेवा. आपल्याच तालुक्यातले बी आपल्या पावसाला सरावलेले असते, म्हणून लांबून मागवण्याआधी घरापासून दहा मैलांत कुठे तरवड आहे ते शोधा. घाटमाथ्याच्या पूर्वेला राहत असाल तर सहसा पहिल्याच पांदीत ते सापडते.